गाडीचा एसी मंदावला आहे? गॅस भरण्याआधी हे तपासा

मुंबईत एप्रिल लागला की गाडीच्या एसीची तक्रार घेऊन कोणत्याही गॅरेजात जावे, बहुधा एकच उत्तर मिळते: ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू.’ हे उत्तर देणाऱ्याला सोयीचे असते आणि ऐकणाऱ्यालाही पटते, कारण पेट्रोल जसे संपते तसा गॅसही संपत असणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात एसीमधला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या सीलमधून अनेक वर्षांत थोडासा झिरपतो, हे खरे. पण एका उन्हाळ्यात तो दोनदा भरावा लागत असेल, तर एकतर कुठेतरी गळती आहे किंवा दोष कमी गॅसचा नाहीच. माझ्या गाडीत दुसरा प्रकार होता आणि तो कळेपर्यंत मी दोनदा पैसे मोजले होते.

तपासणीला लागण्यापूर्वी एसीकडून किती अपेक्षा ठेवावी, हे ठरवले पाहिजे. मुंबईचे तापमान ३३-३४ अंश असले, तरी हवा इतकी दमट असते की एसीची बरीचशी ताकद हवा थंड करण्याऐवजी त्या हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात जाते. उभ्या गाडीखाली जे थारोळे साचते ते हेच पाणी, आणि ते दिसणे हे एसी काम करत असल्याचे लक्षण आहे. त्यामुळे ‘पूर्वीसारखे गार वाटत नाही’ या भावनेवर विसंबून न राहता मोजमाप करावे. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल तापमापक घ्यावा. गाडी सावलीत उभी करून, काचा बंद ठेवून, आतलीच हवा फिरवणारे रिसर्क्युलेशनचे बटण दाबून, तापमानाचा नॉब सर्वांत थंडवर आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवून दहा मिनिटे इंजिन चालवावे आणि डॅशबोर्डच्या मधल्या झरोक्यातील हवेचे तापमान पाहावे. आपल्या हवेत ते साधारण ८ ते १२ अंशांच्या दरम्यान आले, तर यंत्रणेला नावे ठेवण्याचे कारण नाही. १५ च्या वर राहिले, तर शोध घ्यायला हवा. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या ही चाचणी करू नये. अशा गाडीत आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, म्हणून काचा उघडून एक-दोन मिनिटे गाडी चालवावी, ती हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच काचा लावून रिसर्क्युलेशन सुरू करावे.

आता मुख्य प्रश्न. एसी कमी पडतो तो नेमका केव्हा? माझ्या अनुभवात अर्धे निदान याच उत्तरात असते. माझी गाडी वांद्रे-वरळी सागरी सेतूवर हुडहुडी भरेल इतकी गार होई आणि सेतू उतरून कलानगरच्या सिग्नलला थांबले की तीन मिनिटांत झरोक्यातून कोमट वारा येऊ लागे. गॅस फारच कमी असता, तर चालत्या गाडीतही तो पुरला नसता. चालताना गार आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कंडेन्सरवरून पुरेशी हवा वाहत नाही.

कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली पातळ पात्यांची जाळी. केबिनमधून उचललेली उष्णता गॅस येथे बाहेरच्या हवेला देतो. त्यासाठी तो बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो आणि त्याच्यावरून वारा वाहावा लागतो. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर मात्र सारी भिस्त पंख्यावर असते. भर दुपारी डांबरावर, पुढच्या बसच्या मागे उभे असताना बॉनेटमधली गरम हवाच फिरून पुन्हा कंडेन्सरपुढे येते. दाब वाढतो, थंडावा घटतो आणि दाब फारच वाढला, तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो.

म्हणून पहिली पाहणी पंख्याची करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, एसी सुरू करावा, बॉनेट उघडावे आणि हात, ओढणी, टाय यांपैकी काहीही आत न घालता पाहावे. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरला पाहिजे. काही गाड्यांत दोन पंखे असतात आणि त्यांतला एक मेलेला असला, तरी दुसऱ्याच्या आवाजामुळे ते ध्यानात येत नाही. काहींत एकच पंखा दोन वेगांनी फिरतो; त्यातला कमी वेगासाठी वीजप्रवाह रोखणारा रेझिस्टर जळला, की इंजिन तापून वरचा वेग लागेपर्यंत पंखा गप्प राहतो. पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले बघावेत, मोटरचा विचार त्यानंतर करावा. हा पंखा इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत अचानक सुरू होतो, हे विसरू नये.

पंखा ठीक वाटला, तरी एक सोपी चाचणी उरते. झरोक्यात तापमापक लावून, इंजिन चालू असताना, पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर मगाने हलकेच पाणी शिंपडावे. तारांवर किंवा मोटरवर धार सोडू नये. तापमान भराभर चार-पाच अंशांनी उतरले, तर उष्णता बाहेर टाकण्यात अडथळा आहे, हे पक्के समजावे. माझ्या गाडीत आकडा १७ वरून ११ वर आला आणि पाणी थांबताच पुन्हा चढू लागला. अडथळा पंख्याचा नसेल, तर बहुधा घाणीचा असतो. सोसायटीच्या आवारात झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या कंडेन्सरच्या पात्यांत वाळकी पाने, कबुतरांची पिसे आणि बांधकामाची धूळ यांचा लगदा बसलेला असतो. तो मऊ ब्रश आणि साध्या नळाच्या पाण्याने काढावा. सर्व्हिसिंगच्या ठिकाणची जोरदार फवारणी पाती वाकवते, आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही. समुद्रालगत राहणाऱ्यांनी हे काम वर्षातून दोनदा करावे, कारण खारी हवा ॲल्युमिनियम पोखरते आणि गळतीची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

दुसरी तऱ्हा अशी, की हवा गार आहे पण पुरेशी येत नाही. हा दोष सहसा आत येणाऱ्या हवेतली धूळ अडवणाऱ्या केबिन फिल्टरचा असतो. पुष्कळ गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो; बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या, की तो खाली झुकतो आणि मागे प्लास्टिकचे छोटे झाकण दिसते. झाकण काढून फिल्टर बाहेर ओढताना त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे, ते लक्षात ठेवावे. मी पहिल्यांदा काढलेला फिल्टर मुळात पांढरा होता, हे त्याच्या कडेच्या घडीत डोकावल्यावरच कळले. मधला भाग राखाडी नमद्यासारखा झाला होता. असा फिल्टर झटकून परत बसवू नये, बदलावा.

यातलाच एक फसवा प्रकार म्हणजे सुरुवातीला उत्तम चालणारा एसी लांबच्या प्रवासात अर्ध्या-पाऊण तासाने हवा फेकेनासा होणे. तेव्हा एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटे चालू ठेवावा. हवा पुन्हा जोरात येऊ लागली, तर डॅशबोर्डमागच्या, हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरला होता आणि तो आता वितळला, असे समजावे. तुंबलेला फिल्टर, बिघडलेला तापमान सेन्सर किंवा कमी झालेला गॅस, यांपैकी कशानेही हे घडते. कॉइलचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली असेल, तर मात्र गाडीखाली थारोळे दिसत नाही आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचे कार्पेट ओले लागते.

हवा जोरात आणि तरीही सदैव कोमट, ही तिसरी तऱ्हा. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा-सोडणारा स्वतःचा क्लच असेल, तर एसी लावताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनचा सूर किंचित बदलतो. आवाज येत नसेल, तर क्लच, रिले किंवा प्रेशर स्विच तपासावा लागेल. आवाज येऊन हवा गरमच असेल, तर डॅशबोर्डमध्ये थंड आणि गरम हवेचे मिश्रण करणारी झडप अडकली असण्याचीही शक्यता असते. छोट्या इंजिनाच्या गाडीत फ्लायओव्हर चढताना एसी क्षणभर सुटतो, तो मात्र दोष नव्हे. इंजिनला ताकद मिळावी म्हणून केलेली ती सोय आहे.

हे सारे तपासून झाल्यावर गॅसकडे वळावे, आणि ते काम स्वतः करू नये. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाला, तर इजा करतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो आणि हे दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात. गळतीच्या जागी गॅसबरोबर थोडे तेल बाहेर येते, म्हणून नळ्यांच्या जोडांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर तो गॅरेजवाल्याला दाखवावा. त्याच्याकडून तीन गोष्टींचा आग्रह धरावा: आधी नायट्रोजनचा दाब देऊन किंवा रंगद्रव्य सोडून गळती शोधणे, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढून नळ्यांतली हवा व ओलावा काढणे, आणि शेवटी बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेला गॅस ग्रॅममध्ये वजन करूनच भरणे. दाब पाहून अंदाजाने केलेला ‘टॉप-अप’ नाकारावा, कारण जादा गॅसही एसीला कमी गॅसइतकाच निकामी करतो. कूलिंग कॉइल गळते आहे असे सांगून कोणी डॅशबोर्ड उतरवायला निघाला, तर त्याने ती गळती यंत्रावर दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. तो खर्च मोठा असतो आणि उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा बसल्यावर बहुधा कुरकुरतो.

माझ्या गाडीत पंख्याचा रेझिस्टरच जळला होता; तो बदलल्यावर पंखा फिरू लागला, पण सिग्नलवरचा आकडा १४ च्या खाली येईना. नव्या गॅरेजने सगळा गॅस यंत्रात ओढून त्याचे वजन केले. लेबलवर ४५० ग्रॅम लिहिले होते. आतून ६१० निघाले. तेवढाच ४५० परत भरला आणि त्या दुपारी कलानगरला उभे असताना तापमापकाने १० दाखवले.