सगळी कार्डं हिरवी? कामिशिबाई बोर्डाच्या या चुका टाळा

पुरवठादाराकडे ऑडिटला गेलो की मी चहाच्या आधी कामिशिबाई बोर्डापाशी, म्हणजे रोजच्या तपासण्यांची लाल-हिरवी कार्डं लावलेल्या तक्त्यापाशी, जातो आणि कार्डांच्या कडा बघतो. रोज हाताळलेल्या कार्डावर तेलकट अंगठा उमटलेला असतो, कोपरा मऊ पडलेला असतो. आजच छापून आणल्यासारखी कोरी कार्डं ओळीनं हिरवी दिसली, की पुढं लाइनवर काय सापडणार याचा अंदाज येतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर अशा ठिकाणी वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. त्याच त्या चुका बघून जीव विटलाय, म्हणून हे लिहायला बसलो.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी थोडक्यात. बोर्डाला खाचा असतात, खाचेत टी आकाराचं कार्ड. एक बाजू लाल, एक हिरवी. प्रत्येक कार्डावर एकच तपासणी. ज्याची पाळी असेल त्यानं कार्ड काढायचं, ते हातात घेऊन जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि परत येऊन खोचायचं. ठरल्याप्रमाणे चाललं असेल तर हिरवी बाजू बाहेर, नसेल तर लाल. तुकडा चांगला निघाला का, हे बघायला इन्स्पेक्शन आहे. तुकडा चांगला निघावा म्हणून जी पद्धत ठरवली ती पाळली जातेय का, एवढंच इथं बघायचं असतं.

पद्धत रुजली टोयोटात. नावाचा अर्थ कागदाचं नाटक. १९३०च्या दशकात जपानमधल्या गल्ल्यांतून कथेकरी सायकलला लाकडी चौकट बांधून फिरायचे आणि एकेक चित्र सरकवत मुलांना गोष्ट सांगायचे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून आख्यान लावतात, त्याच्याशी नातं सांगणारी ही कला. प्रशिक्षणात मी हे आवर्जून सांगतो, कारण चित्र बदलायला तिथं माणूस उभा असावा लागतो. बोर्डाचं सगळं बळ त्यातच आहे: कोणीतरी उठून तिथं गेलं पाहिजे.

पहिली चूक: कार्डावर ‘आहे का?’ असा प्रश्न लिहिणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिची किंमत मी स्वतः मोजलीय.

तेव्हा मी एका वेल्ड शॉपमध्ये क्वालिटीला होतो. एका ब्रॅकेटला चार वेल्ड नट बसायचे. लाइनच्या शेवटी चेकिंग फिक्स्चर (तुकडा बसवून तपासायची चौकट), त्यात प्रत्येक नटाखाली एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, धातू जवळ आला की ओळखणारा. चारही नट सेन्सरना दिसले की हिरवा दिवा लागायचा, क्लॅम्प उघडायचा आणि तुकड्यावर डॉट पंच, म्हणजे पास झाल्याची टिंबाची खूण, बसायचा. एक नट कमी असेल तर तुकडा क्लॅम्पमध्येच अडकून राहायचा. उत्तम पोकायोके, म्हणजे चूक पुढं जाऊच न देणारी सोय. त्यासाठीचं आमचं कार्डही होतं: ‘पोकायोके फिक्स्चर चालू आहे का?’

लाइन लीडर रोज जायचा, हिरवा दिवा बघायचा, कार्ड हिरवं करून खोचायचा. सुपरवायझरनंही तसंच केलं. दोनदा मी स्वतः तेच केलं.

मग कस्टमरकडून फोन आला. त्यांच्या लाइनवर बोल्ट हवेत फिरतोय, ब्रॅकेटला तिसरा नटच नाही. डॉट पंच मात्र व्यवस्थित बसलेला. मी धावत फिक्स्चरपाशी गेलो, खाली वाकलो, टॉर्च मारला. तिसऱ्या सेन्सरच्या तोंडावर काळ्या इन्सुलेशन टेपनं एक सुटा नट चिकटवलेला होता. टेपच्या कडा धुळीनं काळवंडलेल्या, म्हणजे काम बरेच दिवसांचं. सेन्सरचं ब्रॅकेट सैल झालं होतं, चांगले तुकडेही अडकत होते, रात्रपाळीत मेंटेनन्सला माणूस नव्हता आणि टार्गेट गाठायचं होतं. कोणीतरी सेन्सरला कायमचा नट दाखवून ठेवला. आमची चार माणसं चार रात्री कस्टमरच्या गोडाऊनमध्ये उकिडवी बसून एकेक ब्रॅकेट बोटानं चाचपत होती.

ज्यानं टेप लावली त्याचा मला तेव्हाही फार राग आला नाही. राग आला तो आमच्या कार्डाचा. ‘चालू आहे का?’ याचं उत्तर दुरून दिवा बघूनही देता येतं, आणि घाईतला माणूस ते दुरूनच देतो. आम्ही कार्ड असं बदललं: ‘मास्टर पीस (मुद्दाम एक नट कमी ठेवलेला नमुना तुकडा) फिक्स्चरवर लाव. क्लॅम्प उघडला तर कार्ड लाल कर आणि लाइन थांबव.’ आता जागेवर गेल्याशिवाय आणि हात लावल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

यातही एक खाच आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मास्टर पीस एकच ठेवला आणि त्यात कायम पहिलाच नट कमी असला, तर उरलेले तीन सेन्सर कोणी तपासतच नाही. आम्ही चार मास्टर बनवले, प्रत्येकात वेगळा नट कमी. ते लाल रंगवले, नंबर टाकले, आणि कार्डावर वारानुसार कोणता मास्टर लावायचा ते लिहिलं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी की कार्डावरचं वाक्य क्रियापदानं संपलं पाहिजे: मोज, उघड, लाव, वाचून दाखवायला सांग. ‘ऑपरेटरला वर्क इन्स्ट्रक्शन माहीत आहे का?’ असं लिहू नका. ‘ऑपरेटरला विचार: दादा, तुकडा क्लॅम्पमध्ये अडकला तर काय करता? उत्तर वर्क इन्स्ट्रक्शनशी ताडून बघ,’ असं लिहा. ‘टॉर्क रेंच कॅलिब्रेटेड आहे का?’ याऐवजी ‘रेंचवरच्या स्टिकरची तारीख वाच, नंबर रजिस्टरशी जुळव.’ वाक्य लांबतं, लांबू द्या.

दुसरी चूक: लाल कार्डाला गुन्हा मानणं

एका कारखान्यात बोर्ड लावून नऊ दिवस झाले होते. जत तालुक्यातून आलेला एक तरुण लाइन लीडर होता, कामाला चोख. त्यानं कूलंटचं (मशिनवर टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर तपासलं, कमी भरलं, आणि त्यानं कार्ड लाल केलं. बोर्डावरचं पहिलं लाल कार्ड. मला मनापासून आनंद झाला. सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेड बोर्डासमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हे लाल कोणाचं? संध्याकाळपर्यंत मला हिरवं दिसलं पाहिजे.”

संध्याकाळी हिरवं दिसलं. मी टाकीतलं कूलंट पुन्हा तपासलं, रीडिंग सकाळचंच होतं. पोराला बाजूला घेऊन विचारलं, तर खाली बघत म्हणाला, “साहेब, स्टोअरमध्ये कूलंट ऑइलच नाही. कार्ड तेवढं माझ्या हातात होतं.” त्यानंतर मी तिथं असेपर्यंत त्या बोर्डावर एकही लाल कार्ड आलं नाही. तीन महिने. त्या तीन महिन्यांत टूल तुटणं थांबलं नव्हतं, रिजेक्शनही तेवढंच होतं.

लाल दिसलं की वरिष्ठानं तोंडातून काढायचा पहिला शब्द कोणता, हे मी आता बोर्ड लावण्याआधीच प्लांट हेडसोबत बसून ठरवतो. ‘दाखव’, एवढाच. मग दोघांनी मिळून जागेवर जायचं. त्यानंतरचा प्रश्न, ‘तुला काय लागेल?’ हे मान्य नसेल तर मी बोर्ड लावूच नका असं स्पष्ट सांगतो, आणि दोन ठिकाणी तसा परतही आलोय. पहिल्या आठवड्यात तपासण्या मी स्वतः करतो आणि सापडेल ते लाल करून खोचतो, म्हणजे पहिलं लाल कार्ड कोणा ऑपरेटरच्या किंवा लाइन लीडरच्या नावावर पडत नाही.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे जागच्या जागी दुरुस्त करून कार्ड हिरवं खोचणं. लेबल सुटलं होतं, चिकटवलं, हिरवं. गॉगल नव्हता, घालायला लावला, हिरवं. ऐकायला बरं वाटतं, पण तेच लेबल महिन्यात सहा वेळा सुटतंय हे मग कोणालाच कळत नाही. दुरुस्त केलंत, उत्तम. तरी कार्ड लालच ठेवा, शेजारच्या तक्त्यावर एक ओळ लिहा, आणि पुढच्या तपासणीत नीट आढळलं तरच फिरवा. ‘उद्या पार्ट येणार आहे’ म्हणून आज हिरवं करणं तर बिलकूल नको.

कार्डांचा ढीग

उत्साही माणसं पहिल्याच दिवशी साठ कार्डं छापतात. त्यातली निम्मी फाइव्ह-एसची, म्हणजे स्वच्छता आणि टापटिपीची: झाडू जागेवर आहे का, पिवळा पट्टा पुसलाय का. एका कार्डाला जाऊन येऊन तीन ते पाच मिनिटं धरा. लाइन लीडरला दिवसाला एक-दोन कार्डं झेपतात. दहा दिलीत तर तो टेबलाशी बसून दहाही फिरवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. कोणत्या चुकीमुळे कस्टमरकडे खराब माल जाईल किंवा माणसाला इजा होईल, ती कार्डं आधी. झाडू नंतर.

दुसऱ्या कारखान्याची कार्डं झेरॉक्स करून लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: करू नका. मागच्या वर्षभरातल्या तुमच्या कस्टमर कंप्लेंट आणि रिजेक्शनची यादी घ्या, कार्डं त्यातून निघतात.

बोर्ड रिसेप्शनजवळ

पाहुण्यांना दिसावा म्हणून. तिथं तो पाहुण्यांपुरताच राहतो. बोर्ड लाइनच्या तोंडाशी हवा, तेलाचे हात लागतील असा.

फक्त जनरल शिफ्टमध्ये ऑडिट

नटाची टेप रात्री लागली होती, हे विसरू नका. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकातही कलम ९.२.२.३ नुसार प्रक्रियेचं ऑडिट ती जिथं जिथं चालते त्या सर्व शिफ्टमध्ये व्हायला हवं, आणि शिफ्ट बदलताना काय होतं त्याचा नमुनाही त्यात यायला हवा. मी महिन्यातून दोनदा रात्री अकराला गेटवर उभा असतो. पाळी बदलायच्या त्या पंधरा मिनिटांत जे दिसतं ते दिवसभरात दिसत नाही: अर्धवट सेटिंग, नाव नसलेले तुकडे, ‘सांगितलं होतं की त्याला’ असे निरोप.

साहेब कार्ड उचलत नाहीत

थरांचं ऑडिट म्हणतात ते यासाठीच. लाइन लीडर रोज, सुपरवायझर आणि इंजिनियर आठवड्याला, प्लांट हेड महिन्यातून एकदा तरी, आणि तपासणी तीच, तोच प्रश्न. प्लांट हेडनं स्वतःचं कार्ड आपल्या असिस्टंटकडून फिरवून घेतलं की ती बातमी कँटीनमध्ये दुपारच्या जेवणाआधी पोचते. त्यानंतर खालच्या माणसाला तुम्ही काय सांगणार?

कार्ड कोणतं उचलायचं हेही आपणच निवडू नये. सगळे सोपं आणि जवळचं कार्ड उचलतात. मी कार्डं पालथी करून पत्त्यांसारखी पिसतो आणि समोरच्याला ओढायला लावतो.

रंगावरच विसंबणं

काही माणसांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. ते सहसा सांगत नाहीत. लाल बाजूवर मोठी काळी फुली मारा आणि तिकडचा एक कोपरा तिरका कापा. खर्च कात्रीचा.

बोर्डाऐवजी ॲप

मोबाइलवर कार्ड फिरवायची सोय आता मिळते, आणि बरेच प्लांटवाले त्याला भुलतात. नोंदी ठेवायला, महिन्याचा आढावा काढायला ते चांगलं आहे, मीही वापरतो. पण बोर्ड काढून टाकू नका. भिंतीवरचं लाल कार्ड जाता-येता ऑपरेटरला दिसतं, सफाईवाल्या मावशींना दिसतं, आणि तीन दिवस लालच राहिलं तर कोणीतरी विचारतं. स्क्रीनमधलं लाल ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्यालाच दिसतं.

वर्षानुवर्षं तीच कार्डं

एखादं कार्ड सलग तीन महिने हिरवं राहिलं की मी ते घेऊन स्वतः जागेवर जातो. खरंच सगळं नीट असेल तर ते कार्ड रोजच्या ओळीतून महिन्याच्या ओळीत टाकतो आणि रिकाम्या जागी नवं आणतो. नीट नसेल तर प्रश्न चुकीचा लिहिलाय, तो बदलतो.

आठ दिवसांत पूर्ण प्लांट

‘पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, तोवर सगळ्या लाइनवर बोर्ड हवेत,’ असे फोन मला नेहमी येतात. बोर्ड आठ दिवसांत लागतील, सुतार आणि छापखाना तेवढ्यात देतोच. कार्ड लाल करायची हिंमत आणि लालमागे धावायची सवय आठ दिवसांत येत नाही. मी एक लाइन घेतो, सात कार्डं लावतो आणि दोन महिने हलत नाही. प्रत्येक लाल कार्डाला कोणीतरी उत्तर दिलं, हे लाइनवरच्या माणसांना दिसू देतो. आठवं कार्ड कोणतं हवं, हे लाइन लीडरला विचारतो. मागच्या वेळी विचारलं तेव्हा त्यानं क्षणभरही न थांबता स्पॉट वेल्डिंगच्या गनकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “शिफ्ट सुटताना टिप ड्रेसिंग (गनचं झिजलेलं टोक घासून नीट करणं) कोण करतंय ते एकदा बघा, साहेब. मला चार महिन्यांपासून सांगायचं होतं.”