कमी उंचीच्या नवख्या चालकाने डर्ट बाइक निवडताना या चुका टाळा

कमी उंचीचा नवखा चालक डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची मोटारसायकल पाहायला जातो, तेव्हा गाडीवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात का, हे तो सर्वांत आधी पाहतो. टेकले तर गाडी आपली, न टेकले तर आपल्यासाठी नाही, असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि पुढच्या बहुतेक चुका या एका निकालातून जन्माला येतात. रस्त्यावरच्या मोटारसायकलला ही कसोटी बऱ्याच अंशी लागू पडते. डर्ट बाइकचे गणित मात्र वेगळे आहे. दगड, ओंडके आणि खड्डे ओलांडता यावेत म्हणून इंजिनाचा तळ जमिनीपासून बराच वर ठेवलेला असतो आणि उडी मारून खाली येताना धक्का शोषला जावा म्हणून पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस (कच्च्या मार्गावरच्या शर्यतीच्या) गाडीच्या सस्पेन्शनला सुमारे ३०० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली होण्याची जागा, दिलेला असतो. परिणामी अशा गाडीची सीट जमिनीपासून ९५० मिलिमीटर किंवा त्याहूनही वर जाते. मध्यम उंचीच्या अनुभवी चालकाचेही दोन्ही तळपाय अशा गाडीवरून सपाट टेकत नाहीत. तो एका पायाचा चवडा टेकवून गाडी सांभाळतो. कमी उंचीच्या चालकालाही हेच शिकायचे असते, आणि गाडी निवडताना प्रश्न एवढाच असतो की ते शिकेपर्यंत कोणती गाडी त्याला सांभाळून घेईल.

केवळ माहितीपत्रकातील आकड्यावर विसंबणे

सीटची उंची म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो साधारणपणे गाडीवर कोणी बसलेले नसतानाचा असतो. चालक बसला की सस्पेन्शन दबते आणि सीट खाली येते. या दबण्याला सॅग म्हणतात. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीवर, पूर्ण पोशाखातील चालकाच्या वजनाने मागचा भाग साधारण १०० मिलिमीटर दबावा, अशी मांडणी करतात. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कमी उंचीचा चालक बहुधा वजनानेही हलका असतो आणि गाडीच्या स्प्रिंग त्याच्याहून जड माणसासाठी बसवलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या वजनाने गाडी पुरेशी दबतच नाही. ज्याला सीट खाली यायला हवी असते, नेमक्या त्याच्यासाठी ती वर राहते. म्हणून एकाच उंचीच्या दोन गाड्यांपैकी मऊ स्प्रिंगची ट्रेल गाडी (रानवाटांवर निवांत चालवायची) त्याला बसल्यावर स्पष्टपणे ठेंगणी वाटते, तर शर्यतीसाठी घडवलेली गाडी ताठ उभी राहते.

सीटची रुंदीही तितकीच महत्त्वाची आहे. रुंद सीटवर मांड्या बाहेर फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. अरुंद सीटवर तेच पाय सरळ खाली जातात. याखेरीज बुटांचा विचार करावा लागतो. मोटोक्रॉसच्या बुटांचा जाड तळ पायाला थोडी उंची देतो, पण हे बूट घोट्याला इतके घट्ट धरतात की चवडा ताणून जमीन गाठण्याची नेहमीची सवय उपयोगी पडत नाही. चपला किंवा साधे बूट घालून घेतलेल्या अंदाजावर अजिबात विश्वास ठेवू नये.

घरी एक माप घेऊन ठेवावे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. दोन व्यक्तींची एकूण उंची सारखी असूनही हे माप बरेच वेगळे असू शकते, म्हणून ‘माझी उंची इतकी आहे, मला कोणती गाडी चालेल?’ या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी पूर्ण पोशाख आणि बूट घालून बसावे, कोणाला तरी पुढून हँडल धरायला सांगावे आणि कंबर सीटच्या एका बाजूला किंचित सरकवून त्या बाजूचा चवडा भक्कम टेकतो का, ते पाहावे. तो टेकत असेल, तर माझ्या मते गाडी विचारात घेण्यासारखी आहे. गाडी बरीच कलवल्याशिवाय बोटांची टोकेही पोहोचत नसतील, तर पहिली गाडी म्हणून ती घेऊ नये.

पाय टेकतात म्हणून लहान मुलांची गाडी घेणे

होंडा सीआरएफ ११० एफ किंवा यामाहा टीटी-आर ११० ई यांसारख्या गाड्यांची सीट ६५० ते ६७० मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे प्रौढ माणसाला त्यांच्यावर बसताच हायसे वाटते. हा दिलासा उभे राहून गाडी चालवू लागेपर्यंतच टिकतो. फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभे राहिल्यावर हँडल गुडघ्यांपाशी येते, पाठ वाकते, प्रौढाच्या वजनाने स्प्रिंग तळाला जातात आणि १४ व १२ इंचांची चाके मोठी गाडी सहज ओलांडेल अशा खड्ड्यात अडकतात. मोकळ्या सपाट जागेत क्लचविना गिअर बदलण्याची सवय करायला या गाड्या चांगल्या आहेत. डोंगरवाटेवर प्रौढाला त्या थकवतात.

याच्या उलट बाजूची चूक अधिक धोकादायक आहे. ८५ सीसीची टू-स्ट्रोक शर्यतीची गाडी हलकी आणि तुलनेने ठेंगणी असते, म्हणून ती कमी उंचीच्या प्रौढाला सुचवली जाते. पण तिची ताकद इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवर जवळजवळ नसते आणि वरच्या फेऱ्यांवर एकदम येते. ज्याचा हात अजून थ्रॉटलवर बसलेला नाही, त्याला ही अचानक येणारी ताकद आवरत नाही.

बहुतेकांनी पाहण्यासारखा गट या दोन टोकांच्या मध्ये आहे. पुढे १९ आणि मागे १६ इंचांची चाके असलेल्या फोर-स्ट्रोक ट्रेल गाड्या या गटात येतात. यामाहा टीटी-आर १२५ एलई हिची सीट सुमारे ८०५ मिलिमीटरवर आहे, कावासाकी केएलएक्स १४० आर एल हिची सुमारे ८०० वर आणि होंडा सीआरएफ १२५ एफ हिच्या मोठ्या चाकांच्या आवृत्तीची सुमारे ७८५ वर. त्यांचे वजन ९० किलोच्या आसपास असते. पायांची लांबी थोडी अधिक असेल किंवा इतर दुचाकी चालवण्याचा सराव असेल, तर सुमारे ८७० मिलिमीटर सीटची यामाहा टीटी-आर २३० पाहता येते, मात्र तिचे वजन ११० किलोंच्या पुढे जाते. मॉडेलच्या वर्षानुसार हे आकडे थोडे बदलतात, त्यामुळे आपल्यासमोरच्या गाडीचे पुस्तक तपासावे.

‘पुढे कमी पडायला नको’ म्हणून मोठी गाडी घेणे

४५० सीसीची गाडी घेऊन तिच्यावर हळूहळू शिकू, हा विचार काटकसरीचा वाटतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. उतारावरच्या अरुंद वाटेवर गाडी अचानक थांबवावी लागली, असे समजा. नवखा चालक घाबरून ज्या बाजूला गाडी कलते त्याच बाजूचा, म्हणजे दरीकडचा पाय खाली सोडतो. तिकडची जमीन आणखी एक वीत खाली असते. पाय हवेतच राहतो, गाडी एका ठरावीक कोनापलीकडे कलते आणि मग ११० किलोंहून अधिक वजन एका पायाच्या बळावर कोणालाच रोखता येत नाही. ९० किलोची गाडी तुलनेने उशिरा हाताबाहेर जाते, पडली तरी एकट्याने उचलता येते आणि चालक पुन्हा प्रयत्न करतो. दिवसातून दहा वेळा जड गाडी उचलणारा माणूस अकराव्या वेळी काही शिकण्याच्या अवस्थेत नसतो.

म्हणून मालकाची परवानगी घेऊन गाडी मऊ जमिनीवर आडवी करून ती स्वतः उचलून पाहावी. मी ही परीक्षा पाय टेकण्याच्या परीक्षेपेक्षा वरची मानतो. बटणाने सुरू होणारी गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण एका पायावर तोल सांभाळत, चढावर, दुसऱ्या पायाने किक मारणे उंच माणसालाही जड जाते.

गाडी घेतल्याबरोबर तिची उंची कमी करणे

माझ्या पहिल्या गाडीला मी पहिल्याच आठवड्यात मागची लांब लिंक (मागच्या सस्पेन्शनला जोडणारा, मागचा भाग खाली आणणारा दुवा) बसवून घेतली आणि पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळ्यांना, हातही लावला नाही. पाय छान टेकू लागले, पण गाडी वळेनाशी झाली. मागचा भाग बसल्याने पुढचे चाक पुढे ढकलले गेले होते आणि प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या कडेकडे धावत होती. कितीतरी दिवस मी हा माझ्या वळण घेण्यातला दोष समजत होतो.

गाडी उंच वाटत असेल तर आधी सॅग मोजावा. आपल्या वजनाला योग्य अशा स्प्रिंग बसवल्या की मूळ रचनेला धक्का न लावता सीट खाली येते. निव्वळ उंची कमी करण्यासाठी मागच्या शॉकचा (धक्का शोषणाऱ्या भागाचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सोडत बसू नये, कारण त्याने मागचा भाग लोंबकळतो आणि लिंकचाच दोष वेगळ्या मार्गाने येतो. त्यानंतर सीटचा फोम पाहावा. त्याची उंची दोन-तीन सेंटीमीटर उतरवण्यापेक्षा पुढच्या कडा निमुळत्या करण्याचा लाभ अनेकदा अधिक होतो. एवढ्यानेही भागले नाही, तरच सस्पेन्शनला हात लावावा. शॉक आणि फोर्क या दोन्हींच्या आत स्पेसर (जागा अडवणारे तुकडे) घालून ट्रॅव्हल सारखा कमी करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. लिंकच लावायची असेल, तर फोर्कचे नळे त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये त्या प्रमाणात वर सरकवावेत आणि सस्पेन्शन पूर्ण दबले असता टायर मडगार्डला घासत नाही, याची पुढे आणि मागे दोन्हीकडे खात्री करावी. साइड स्टँड मूळ लांबीचाच राहिला, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पडते, हेही लक्षात ठेवावे.

हात आणि सवयी यांच्याकडे दुर्लक्ष करणे

आखूड पायांची चर्चा होते, लहान हातांची होत नाही. क्लच आणि ब्रेकचे लीव्हर बोटांच्या आवाक्यात आणण्याचा स्क्रू बहुतेक गाड्यांना असतो. तो फिरवण्याआधी ‘मला हाफ क्लच जमत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

पुष्कळदा दोष गाडीचा नसून चढण्या-उतरण्याच्या पद्धतीचा असतो. जमिनीवर उभे राहून पाय पलीकडे टाकण्याऐवजी घोड्यावर चढावे तसे डावा पाय फूटपेगवर ठेवून चढावे, मात्र साइड स्टँडवर सगळा भार पडू देऊ नये. थांबण्याआधीच गाडी पहिल्या गिअरमध्ये आणावी, म्हणजे डावा पाय मोकळा होतो. मग कंबर डावीकडे सरकवून डावा चवडा टेकावा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. थांबण्याची जागाही आपण निवडावी. वाटेच्या कडेचा उंचवटा, मुळाची गाठ किंवा सपाट दगड यांमुळे सीटची उंची फुकटात चार बोटे कमी होते.

वापरलेली गाडी घेत असाल आणि ती तुम्हाला आश्चर्यकारकरीत्या ठेंगणी वाटली, तर ती आधी कोणी खाली केली आहे का, हे स्पष्ट विचारा. मागची लिंक, फोर्कच्या नळ्यांची क्लॅम्पवर निघालेली टोके आणि मडगार्डच्या आतील टायर घासल्याच्या खुणा पाहा, आणि मूळ लिंक व स्प्रिंग मालकाकडे शिल्लक असतील, तर त्या गाडीसोबत मागून घ्या.