'नस दुखते' एवढ्यावर थांबू नका: मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेत या चुका टाळा

आपल्या भाषेत 'नस' हा शब्द फार राबतो. रात्री पोटरीत गोळा आला की नस चढली. हातावर निळी रेघ उठून दिसली की नस फुगली. कंबरेतून पायात कळ उतरली की नस दबली. पहिलं प्रकरण स्नायूचं, दुसरं रक्तवाहिनीचं, आणि मज्जातंतूचं असतं ते फक्त तिसरं. शब्द एक असला तरी तिन्हींचे उपचार वेगळे. म्हणून डॉक्टरांसमोर बसून "नस दुखते" एवढंच म्हणणं ही पहिली चूक.

त्याऐवजी कसं दुखतं ते सांगा. जळजळतं? बर्फ लावल्यासारखं गार दुखतं? करंट बसल्यासारखी चमक जाते? मुंग्या, सुया टोचणं, खाज? भाग बधिर आहे आणि तरीही दुखतो? चादर नुसती घासली तरी सहन होत नाही? अशी वेदना ओळखण्यासाठी डॉक्टर 'डीएन४' नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यातल्या १० मुद्द्यांपैकी ७ रुग्णाला फक्त विचारायचे असतात आणि ते जवळजवळ हेच असतात. एकूण ४ किंवा जास्त जुळले की संशय मज्जातंतूंवर जातो. 'खूप दुखतं' हे शंभर टक्के खरं असेल, पण निदानाला त्याचा उपयोग नाही.

साधं दुखणं म्हणजे दारावरची बेल कोणीतरी वाजवणं. पाय मुरगळला, सूज आली, मेंदूला निरोप गेला. मज्जातंतूच्या वेदनेत दाराशी कोणी नसतं. भिंतीतली वायर बिघडलेली असते आणि बेल आपोआप वाजत राहते. मधुमेह, नागीण, केमोथेरपी, बी१२ची कमतरता, दारू, मणक्यापाशी दबलेलं मज्जातंतूचं मूळ ही वायर बिघडण्याची नेहमीची कारणं. दुखलं की गोळी, दुखलं की शेक, दुखलं की आराम हे साध्या दुखण्यात शिकलेले नियम आपण इथेही लावतो आणि फसतो.

दुखलं की गोळी

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी नेहमीची वेदनाशामकं सुजेच्या ठिकाणी तयार होणाऱ्या रसायनांवर काम करतात. इथे बिघाड वायरीतच असल्याने त्यांना फारसं काही करता येत नाही. तरी लोक ती महिनोन्‌महिने घेतात, कारण कंबरदुखीसारख्या प्रकारांत स्नायूचं आणि मज्जातंतूचं दुखणं एकत्र असतं आणि त्यातला स्नायूचा वाटा थोडा शमतो. जळजळ तशीच राहते, आणि वर जठर व मूत्रपिंडांना त्रास होतो तो वेगळाच.

मज्जातंतूंच्या वेदनेला सहसा दिली जाणारी औषधं म्हणजे अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन. इथे दुसरी चूक होते. घरी येऊन माणूस माहितीपत्रक वाचतो, त्यात 'नैराश्य' किंवा 'फिट' हा शब्द दिसतो, आणि "डॉक्टरांना मी वेडा वाटलो की काय" म्हणून गोळ्या कपाटात जातात. गॅबापेंटिन १९९३ साली बाजारात आलं ते अपस्मारासाठी, हे खरंच आहे. पण नाहक संदेश सोडणाऱ्या पेशींना शांत करण्याचं त्याचं काम वेदनेतही उपयोगी पडतं. अमिट्रिप्टिलिनचं तर प्रमाणच सांगून जातं: वेदनेसाठी सुरुवात रात्रीच्या १० ते २५ मिलिग्रॅमने होते, नैराश्यासाठी लागणारा डोस त्याच्या कितीतरी पट असतो.

तिसरी चूक मला सगळ्यांत महागाची वाटते: ही औषधं 'लागेल तशी' घेणं. दुखलं त्या दिवशी घेतली, बरं वाटलं म्हणून सोडली. ही डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करणारी औषधं नव्हेत. ती कमी डोसने सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागतात, आणि योग्य डोसवर काही आठवडे गेल्याशिवाय 'लागू पडलं' किंवा 'नाही पडलं' असा निकाल देता येत नाही. बहुतेक औषधांना एकूण सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. पहिल्या चार दिवसांत पदरी पडते ती फक्त गुंगी, आणि नेमकं तेव्हाच माणूस औषध सोडतो.

आणि वेदना शून्यावर येईल ही अपेक्षाही नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, खोट्या गोळीच्या तुलनेत एका जास्तीच्या रुग्णाची वेदना निम्म्याने कमी व्हायला अमिट्रिप्टिलिनच्या गटातलं औषध सुमारे ४ जणांना, तर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ६ ते ८ जणांना द्यावं लागतं, असं दिसलं. पहिलं औषध लागू पडलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही, डॉक्टरांचाही नाही. दुसरं करून पाहायचं. वेदना ३० टक्क्यांनी उतरली तरी वैद्यकीय भाषेत तो चांगला गुण मानतात, आणि रात्री सलग पाच तास झोप लागू लागली की त्याचा अर्थ कळतो.

औषध नियमित घेऊनही फरक पडत नसेल तर बदलून मागण्याआधी काही गोष्टी तपासा. डोस वाढवायचा राहून गेला आहे का? पुष्कळ जण सुरुवातीच्याच डोसवर वर्षभर अडकलेले असतात. गॅबापेंटिनच्या जोडीला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध घेता का? त्याने गॅबापेंटिन कमी शोषलं जातं, दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. अमिट्रिप्टिलिनने सकाळी डोकं जड राहत असेल तर ते झोपताना न घेता संध्याकाळी एक-दोन तास आधी घेऊन पाहता येतं. वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, पण विचारा जरूर. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवीला त्रास, पायांवर सूज, वजन वाढणं हे न सांगता सोसू नका. काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असणं किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते सुरुवातीलाच सांगायला हवं.

बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करणं तर धोक्याचंच. ड्युलोक्सेटिन अचानक थांबवलं की चक्कर येते आणि डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. गॅबापेंटिन एकदम बंद केल्याने फिटही येऊ शकते. पायरी पायरीने उतरायचं. दारू, झोपेच्या गोळ्या आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं यांच्या जोडीने गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन घेतल्यास श्वास मंदावू शकतो. वृद्धांना आणि फुफ्फुसाचा आजार असलेल्यांना हा धोका अधिक, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तसा इशाराही दिला आहे.

चेहऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. दात घासताना, दाढी करताना किंवा वाऱ्याच्या झुळकीने गालात विजेसारखी काही सेकंदांची कळ येत असेल तर ती ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूची वेदना, असू शकते. ती दाताची समजून एकामागून एक चांगले दात काढून टाकलेली माणसं आहेत. तिचं मुख्य औषध कार्बामाझेपिन. आशियाई वंशाच्या लोकांत त्यामुळे त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता वाढवणारं एक जनुक जास्त आढळतं, म्हणून सुरू करण्याआधी त्या तपासणीबद्दल विचारावं.

दुखलं की शेक

बधिर पाय गरम पाण्यात बुडवणं हे मला या सगळ्या यादीतलं सगळ्यांत क्रूर वाटतं, कारण त्या क्षणी बरं वाटतं. पायाला उष्णता कळत नसते, पाणी किती कढत आहे याचा अंदाज येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तळव्यावर फोड दिसतो. मधुमेहात तो फोड भरायला महिने लागतात. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, बर्फ, सगळ्याला हेच लागू. पाणी बधिर पायाने किंवा बधिर हाताने पाहू नका, कोपराने पाहा. तळवे रोज बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा.

लावायच्या औषधांतही एक-दोन गफलती आहेत. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम पहिले काही दिवस स्वतःच आग करतं. लोक एकदा लावतात, पोळतं म्हणून टाकून देतात. ते दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावलं तरच काम करतं, आणि लावल्यावर हात धुवायला विसरलात तर डोळे आठवण करून देतात. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पट्टा (पॅच) १२ तास लावायचा, १२ तास काढून ठेवायचा, आणि त्यावर शेक अजिबात नाही.

दुखलं की आराम

मोडलेल्या हाडाला आराम लागतो. या वेदनेत मात्र अवयव वापरायचं सोडलं की स्नायू रोडावतात, सांधे आखडतात आणि मेंदू त्या भागाकडे आणखी संशयाने पाहू लागतो. याच्या उलटी चूकही तितकीच होते: जरा बरा दिवस उजाडला की साठलेली सगळी कामं एका दमात उपसायची, मग दोन दिवस अंथरुणात. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. वाईट दिवशीही किती मिनिटं चालणं जमतं ते पाहा. वीस असतील तर रोज पंधराच चाला, चांगल्या दिवशीही पंधराच, आणि आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा.

स्पर्शच नकोसा झाला असेल तर त्या भागाला कायमचं झाकून ठेवू नका. त्वचा धड असेल तर मऊ रेशमी कापडाने हलकं घासा, ते सोसू लागलं की सुती, मग खरखरीत टॉवेल. दोन-तीन मिनिटं, दिवसातून काही वेळा. कापडाने काही बिघडत नाही हे मेंदूला नव्याने शिकवायचं आहे. रात्री मात्र स्पर्शाशी भांडू नका. पायाशी एखादा खोका ठेवून पांघरूण वर उचलून धरा. दिवसा कामात गुंतलेलं लक्ष रात्री मोकळं होतं आणि वेदना मोठी वाटते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना अधिकच तीव्र असते, म्हणून औषधाची वेळ ठरवताना डॉक्टरांशी झोपेबद्दल आधी बोला.

ताकदीची गोळी आणि इतर गैरसमज

झिणझिण्या म्हटलं की बी जीवनसत्त्वांची गोळी, हा रिवाजच पडला आहे. बी१२ कमी असेल तर ते दिलंच पाहिजे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी तर ते तपासून घ्यावंच. पण त्याच गोळीत बी६ असतं आणि ते जास्त प्रमाणात, दीर्घकाळ पोटात गेलं तर मज्जातंतूंना इजा करतं. म्हणजे झिणझिण्यांसाठी घेतलेल्या गोळीनेच झिणझिण्या. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅमची वरची मर्यादा घातली. आपल्या गोळीवरचा आकडा एकदा वाचून पाहा.

मधुमेहात आणखी एक विचित्र प्रकार आहे. खूप वाढलेली साखर घाईने खाली आणली, म्हणजे एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रिपोर्टमधला आकडा) तीन महिन्यांत दोनहून अधिक अंकांनी उतरलं, तर पायांची आग अचानक भडकू शकते. यावरून साखर आटोक्यात आणू नये असा अर्थ काढू नका. किती वेगाने आणायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, एवढंच.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही. नर्व्ह कंडक्शनची चाचणी, म्हणजे मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो ते पाहणारी चाचणी, जाड तंतू तपासते. जळजळ आणि उष्णता वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा तपासतात (स्किन बायोप्सी). "तुमच्या मनाचं आहे" असं ऐकावं लागलं असेल तर या तपासणीचं नाव काढा.

वाट पाहू नये असं

जांघेचा आणि बसण्याचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पायांतली शक्ती गेली, तर सकाळपर्यंत थांबू नका, तातडीच्या विभागात जा. पायांतून वर चढत जाणारी कमजोरी, अचानक एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा लुळा पडणं, हेही तसंच. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पुरळ उठलं तर ती नागीण असू शकते. तिची विषाणूरोधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडतात, म्हणून त्याच दिवशी दाखवा. आणि बधिर पायावर जखम दिसली तर ती दुखत नाही म्हणून सोडू नका. न दुखणारी जखम हीच तिथली काळजीची गोष्ट.