डोडेकेनमध्ये ट्रायएथिलअमाइन घालून क्रॅकिंगची चाचणी कशी घ्यावी

स्क्रॅमजेट या अतिवेगवान विमानांच्या इंजिनाच्या भिंती थंड ठेवण्यासाठी इंधनच त्यांच्यातल्या बारीक वाहिन्यांतून खेळवतात. तापून इंधनाचे रेणू तुटताना (हेच क्रॅकिंग) उष्णता शोषली जाते. इनिशिएटर (तुटण्याची सुरुवात करून देणारा पदार्थ) घातला की हे तुटणं कमी तापमानाला सुरू होतं. केरोसीनमध्ये घटक फार, म्हणून पहिली चाचणी एन-डोडेकेन या एकाच हायड्रोकार्बनवर घ्यावी.

इनिशिएटर निवडताना ‘जितका दुबळा बंध तितकं बरं’ हा हिशेब चालत नाही. डाय-टर्ट-ब्युटिल पेरॉक्साइड २०० अंश सेल्सिअसच्या आतच फुटून संपतं आणि डोडेकेन तर ५०० च्या आसपास तुटू लागतं. ट्रायएथिलअमाइन बरंच उशिरा फुटतं, म्हणून ते कामाचं.

५०० मिली डोडेकेन, म्हणजे सुमारे ३७५ ग्रॅम, घ्या. आधी त्यातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून विरघळलेला ऑक्सिजन काढा, मगच ७.६५ ग्रॅम अमाइन घाला. वजनाने २ टक्के होतं. क्रम उलटा केलात तर ८९ अंशांना उकळणारं अमाइन नायट्रोजनबरोबर उडून जाईल आणि नेमकं किती उरलं ते कळणार नाही. पंपाचे सील व्हायटॉन या रबराचे नकोत, अमाइनने ते खराब होतात. पितळी फिटिंगही टाळा.

२ मिमी आतील व्यासाची, ८० सेंमी लांब ३१६ स्टेनलेस स्टीलची नळी भट्टीत बसवा. त्या तापमानाला ती किती दाब झेलते ते आधी तपासा आणि जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हशिवाय पंप सुरू करू नका. दाब ४० बार ठेवा. डोडेकेनचा क्रांतिक दाब (ज्याच्या वर द्रव-वायू हा भेद उरत नाही) सुमारे १८ बार आहे, त्यामुळे नळीत उकळी फुटत नाही. प्रवाह मिनिटाला १ मिली. थंड घनतेवरून काढलेला अडीच मिनिटांचा निवासकाळ (इंधन नळीत राहतं तो वेळ) मात्र फसवा आहे: ५५० अंशांना घनता ढोबळमानाने सातपट घटते, म्हणजे खरा काळ वीसेक सेकंदच. दोन नोंदींची तुलना करताना ही चूक सर्रास होते.

४८० ते ६०० अंशांपर्यंत २० अंशांच्या टप्प्यांनी जा. आधी निव्वळ डोडेकेन, मग मिश्रण, शेवटी पुन्हा निव्वळ डोडेकेन. तिसरी फेरी पहिलीशी जुळली नाही, तर नळीत साचलेल्या कोकमुळे (कार्बनच्या थरामुळे) आकडे बिघडले आहेत. प्रत्येक टप्प्यावर द्रव तोला, वायू मोजा. वस्तुमानाचा ताळा (आत गेलेल्यापैकी बाहेर आलेलं) ९७ टक्क्यांखाली गेला तर गळती शोधा. इनिशिएटरचा फरक खालच्या तापमानांना ठळक दिसतो, वर जाल तसा विरतो.

वायू जास्त निघाला म्हणजे उष्णताही जास्त शोषली, असं समजू नका. इथिलीन-प्रोपिलीनऐवजी मिथेन वाढत असेल तर फायदा घटतो, आणि ओलेफिनांपासून (इथिलीनसारख्या दुहेरी बंधाच्या रेणूंपासून) पुढे ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारखे वलयी रेणू) बनू लागले की उष्णता उलट बाहेर पडते व कोकही वाढतो.

चाचणी संपली की नळी नायट्रोजनने पूर्ण धुवा आणि त्यानंतरच कोक जाळायला ६०० अंशांना हवा सोडा. हायड्रोकार्बन शिल्लक असताना हवा गेली तर स्फोट होईल. उरलेलं मिश्रण विमानाच्या इंधनाजवळ ठेवू नका. जेट ए-१ च्या मानकात या अमाइनला मुभा नाही.