एंटरची करकर आणि स्टेमचे दोन पाय

माझ्या मेकॅनिकल कीबोर्डची (प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेला) एंटर दाबली की करकर वाजायची आणि कळ वर यायला रेंगाळायची. बोर्ड हॉटस्वॅप, म्हणजे स्विच नुसते ओढून काढता-घालता येतात, त्यामुळे सोल्डरिंगची गरज नव्हती. आधी केबल काढली, तारेच्या पुलरने कीकॅप, म्हणजे कळेवरची टोपी, सरळ वर ओढली, मग खिट्ट्या दाबून स्विच काढला.

खरी काळजी स्विच उघडताना. झाकणाच्या चारही खिट्ट्या एकदम सुटायला हव्यात, म्हणून स्विच उघडायचा ओपनर वापरला. स्क्रूड्रायव्हरनेही जमतं, पण प्लास्टिकला ओरखडे पडतात, खिट्टी तुटते. उघडताना वर बोट धरा, नाहीतर स्प्रिंग उडून पलंगाखाली जाते. आतली संपर्काची तांबूस पट्टी केसाइतकी नाजूक. तिला हात लावायचा नाही.

स्प्रिंग वाकलेली निघाली, नवी घातली. बसवताना मात्र स्टेम, म्हणजे स्विचमधला वर-खाली होणारा दांडा, उलटा गेला आणि एंटर आपोआप दाबली जाऊ लागली! स्टेमचे दोन पाय पट्टीकडेच हवेत. कळ वर असताना तेच पट्टीला लोटून संपर्क तोडून ठेवतात. पुन्हा उघडून फिरवला.

स्विच परत लावण्याआधी दोन्ही पिना चिमट्याने सरळ केल्या, बोर्डाला खालून आधार दिला, मगच दाबला. आता एंटर लोण्यासारखी चालते.