दम परत आला तरी पाय तयार नसतात

स्प्रिंटचा सराव नव्याने सुरू केला की बहुतेक जण धाप थांबताच पुढच्या फेरीला उभे राहतात. गडबड तिथेच होते. पूर्ण जोर लावलेल्या पहिल्या पाच-सहा सेकंदांत स्नायू मुख्यतः स्वतःजवळचं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं रसायन, वापरतात. त्याचा निम्मा साठा अर्ध्या-एक मिनिटात भरतो, पण उरलेल्याला तीन ते पाच मिनिटं, कधी त्याहूनही जास्त लागतात. श्वास त्याआधीच सावरलेला असतो. म्हणून ट्रॅकवरचा जुना हिशेब पाळा: दर १० मीटरला एक मिनिट विश्रांती. ३० मीटर पळालात तर तीन मिनिटं, ६० मीटरला सहा. सुरुवातीला हे फार वाटतं. पण विश्रांती कापली की वेग पडतो आणि सराव वेगाचा न राहता दमसासाचा होतो.

पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनच दिवस पुरेत, मध्ये किमान ४८ तास. आधी १५-२० मिनिटं वॉर्मअप, मग ७०, ८०, ९० टक्के जोराने एकेक फेरी, आणि त्यानंतर ३० मीटरच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ लिहा. हातातल्या स्टॉपवॉचवर एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच, त्यामुळे एका आकड्यावर जाऊ नका. ४.५० सेकंदांत पळणाऱ्याच्या सलग दोन फेऱ्या ४.६५च्या वर गेल्या, तर त्या दिवशी तिथेच थांबा. दमलेल्या पायांनी पळताना पाऊल पुढे फेकलं जातं. पाय जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ताणलेल्या अवस्थेत पायाला ब्रेक लावत असतो आणि बहुतेक वेळा तो तिथेच फाटतो. पळताना मांडीमागे अचानक चमक आली तर ताण देऊन बघू नका, लगेच थांबा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणाऱ्या ठणक्याचा दोष लॅक्टिक अ‍ॅसिडला देतात, तो चुकीचा आहे. रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात पूर्ववत होतं. ठणका येतो तो ताणाखाली काम केलेल्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे, आणि २४ ते ७२ तासांत तो सर्वांत जास्त असतो. त्यावर झोप, पुरेसं खाणं आणि हलकं चालणं एवढंच लागतं. प्रथिनं दिवसाला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास घ्या.

नडगीकडे मात्र नीट लक्ष द्या. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायुबंधांना महिने लागतात. नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवून बघा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर फेऱ्या कमी करा. एकाच बोटाएवढ्या जागी हाड दुखत असेल, तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.