पावसाळ्याआधी म्हशींचा गोठा: छप्पर नंतर, जमीन आधी

आमच्या मुरबाडकडे पाऊस लागला की दिवसच्या दिवस उघडत नाही. म्हशी दावणीलाच. म्हणून मृग निघायच्या आत मी गोठ्याची जमीन बघून घेते. पत्रा गळला तर लगेच दिसतो, जमिनीची ओल दिसत नाही.

दावणीशी बादलीभर पाणी ओता आणि बघा. ते सरळ नालीत गेलं पाहिजे. त्यासाठी दहा फुटाला तीन इंच तरी उतार लागतो. जिथे डबकं साचेल तिथेच रात्री म्हैस बसणार, कासेचे सड त्याच घाणीत टेकणार. कासदाहाला, म्हणजे कास सुजायला, एवढं पुरतं. खड्ड्यात मुरूम ठोकून वर भाताचा तूस पसरा, ओला झालेला रोज काढा. गुळगुळीत कोबा मात्र करू नका, म्हैस घसरून फेंगडली की उठवता उठवत नाही.

धार काढली की लगेच वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास जातो, तेवढा वेळ ती खात उभी राहिली पाहिजे.

पेंढा माळ्यावर, भिंतीपासून हातभर लांब. मूठभर उपसून वास घ्या. कुबट आला, हाताला काळी भुकटी लागली तर तो भारा थेट उकिरड्यावर. बुरशीच्या पेंढ्याने म्हशीच्या शेपटीचं टोक, कान, पाय काळे पडून सडतात. 'जनावरच ते, खाईल' म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. त्याचं ऐकू नका.

कोवळ्या गवतावर उपाशीपोटी सोडायचं नाही, आधी सुका पेंढा घाला. डावी कूस फुगली, टिचकी मारल्यावर ढबढब वाजली, तर घरचे काढे पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा.

घटसर्प आणि फऱ्या हे जनावरांचे जीवघेणे रोग, त्यांची लस मे महिन्यातच टोचून घ्या. ती अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात; पाऊस पडल्यावर धावपळ करून काय उपयोग? गळ्याला सूज, घशात घुरघुर, सणसणीत ताप दिसला तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. १९६२ हा सरकारी नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

खुरं सडू नयेत म्हणून दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद (कॉपर सल्फेट). पाय बुडवून झाले की ते पाणी जनावरांच्या तोंडापासून लांब खड्ड्यात ओता, विष आहे ते.